कोळसा पूर्ण पुसला जात नाही

केप टाउनमधला ‘कॅसल ऑफ गुड होप’ हा डच ईस्ट इंडिया कंपनीने सतराव्या शतकात बांधलेला किल्ला. १९९६ साली तिथे ‘फॉल्ट लाइन्स’ नावाचं प्रदर्शन भरलं. वर्णभेदी राजवट जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याच एप्रिलमध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे साक्षी सुरू झाल्या होत्या. केलेलं सगळं खरं सांगा, गुन्हा राजकीय असेल तर माफी मिळू शकेल, असा तो सौदा.

या प्रदर्शनात जोहान्सबर्गच्या विल्यम केंट्रिजची सहाएक मिनिटांची ॲनिमेशन फिल्म होती: ‘हिस्टरी ऑफ द मेन कम्प्लेंट’. म्हणजे डॉक्टर केसपेपरवर लिहून घेतात ती मुख्य तक्रार. सोहो एक्स्टाइन हा केंट्रिजच्या आधीच्या फिल्म्समधला गब्बर गोरा उद्योगपती. इथे तो हॉस्पिटलच्या खाटेवर बेशुद्ध पडलाय, अंगात सूट तसाच. डॉक्टर तपासतात, तर शरीरात सापडतात ऑफिसातल्या वस्तू. मग आठवणीतला रस्ता सुरू होतो. सोहो गाडी चालवतोय, कडेला कुणाला तरी मारहाण चाललीय. पुढे त्याच्याच गाडीवर एक माणूस आदळतो.

केंट्रिजची पद्धत अगदी साधी आणि भयंकर वेळखाऊ आहे. भिंतीवर एक मोठा कागद. कोळशाने चित्र काढायचं, चालत कॅमेऱ्यापर्यंत जायचं, एखाद-दोन फ्रेम टिपायच्या, परत येऊन थोडं खोडायचं, थोडं नवं काढायचं. पुन्हा कॅमेरा. फोनवर अनडू दाबलं की रेघ कधी नव्हतीच, असं होतं. कोळशाचं तसं नाही. माणूस पुढे सरकतो, पण मघाशी जिथे होता तिथे राखाडी डाग राहतो. ‘झालं गेलं विसरा’ हा सल्ला ज्या देशात तेव्हा जोरात होता, तिथे हा डाग नुसती शैली म्हणून बघणं मला तरी जमत नाही.

केंट्रिजचे वडील सिडनी केंट्रिज नामांकित वकील. १९६० साली शार्पव्हिलमध्ये पोलिसांच्या गोळीबारात ६९ माणसं मेली. त्यांच्या मृतदेहांचे फोटो सहा वर्षांच्या विल्यमने वडिलांच्या अभ्यासिकेतला एक खोका उघडून पाहिले. खाऊ असेल असं त्याला वाटलं होतं.

फिल्मच्या शेवटी सोहो शुद्धीवर येतो आणि थेट टेबलावर, कामाला. शिक्षा नाही, पश्चात्तापाचं भाषणही नाही. मार खाणाऱ्याला नाव नाही, तो दिसतो गोऱ्या माणसाच्या काचेतूनच, हा आक्षेप खरा आहे. पण खोटा सलोखा दाखवण्यापेक्षा हा शेवट मला जास्त प्रामाणिक वाटतो. आयोगाचा अहवाल यायला तेव्हा अजून दोन वर्षं होती.

केंट्रिजच्या प्रदर्शनांत पुष्कळदा फिल्मच्या शेजारी मूळ कागदही टांगलेले असतात. त्यांवर प्रसंगाची फक्त शेवटची अवस्था असते. आधीचं सगळं बघायचं तर जवळ जाऊन त्या राखाडीत शोधावं लागतं.