घाटावरचे सोंधे आणि पेशव्यांची मंजुरी

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे काळी नदीच्या उगमाकडचा, सह्याद्रीच्या माथ्यावरचा अरण्यप्रदेश होय. याचे जुने नाव सुपे. सुपे गाव धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि कचेरी जोयड्यास आली. पश्चिमेस घाट उतरला की गोव्याची हद्द लागते. ही हद्द काही प्राचीन नव्हे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत घाटावरचे सुपे आणि घाटाखालचे काणकोण सोंध्याच्या एकाच राजाचे होते.

१७६३ साली हैदरअलीने बिदनूर घेतले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्याची फौज सोंध्यावर चालून आली. राजा इम्मडी सदाशिव गोव्यात आश्रयास गेला. घाटावरचा मुलूख हैदराने तलवारीने घेतला. त्याला कागदाची गरज भासली नाही. घाटाखालचे फोंडे, जांबावली, काणकोण आणि काब द राम हे महाल मात्र पोर्तुगिजांनी, ते हैदराच्या हाती पडू नयेत या सबबीवर, आपल्या ताब्यात घेतले. निर्वासित राजघराण्याला तनखा मिळाला, राहावयास जागा मिळाली. आणि १७९१ साली या घराण्याने तहान्वये ते महाल पोर्तुगिजांना लिहून दिले. जो आश्रयदात्याच्या अन्नावर जगतो, त्याच्या संमतीची किंमत किती, हा प्रश्न त्या कागदाने विचारला नाही.

घाटावरच्या भागाची कथा अधिक चमत्कारिक आहे. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू मारला गेला आणि त्याच्या राज्याची वाटणी करण्यास इंग्रज व निजाम बसले. २२ जूनच्या तहात पेशव्यांसाठीही एक वाटा काढून ठेवला होता, आणि त्यात ‘घाटावरचे सोंधे’ होते. वास्तविक मराठ्यांनी या युद्धात काहीच भाग घेतला नव्हता. मग ही उदारता कशासाठी? तहातच अट होती की, तह रीतसर कळविल्यापासून एक महिन्याच्या आत पेशव्यांनी तो संपूर्ण मान्य करावा आणि काही मुद्द्यांवर कंपनीचे व निजामाचे समाधान करावे. त्या मुद्द्यांचा रोख उघड होता: पुण्याने निजामाशी असलेला आपला तंटा इंग्रजांच्या मध्यस्थीवर सोपवावा आणि हळूहळू तैनाती फौजेच्या जाळ्यात यावे.

पुणे दरबाराने मुलूख नाकारला. तेव्हा नाना फडणीस हयात होते. बाजीराव आणि नाना यांचे एकमेकांशी पटत नसले तरी या देणगीतील गळ ओळखण्याइतके शहाणपण दरबारात शिल्लक होते. न स्वीकारलेला वाटा इंग्रज व निजाम यांनी आपसांत वाटून घेतला आणि सोंधे कंपनीकडे गेले. सुप्याच्या रयतेवर मद्रास इलाख्याचा अंमल आला तो असा, न झालेल्या एका सहीमुळे. कानड्याचा पहिला कलेक्टर टॉमस मन्रो याच्याकडे हा भागही आला.

गंमत अशी की, १७८४ च्या कायद्याने ब्रिटिश पार्लमेंटने हिंदुस्थानात मुलूखगिरी करणे हे राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध व प्रतिष्ठेस कमीपणा आणणारे ठरविले होते. परंतु लंडनहून उत्तर येण्यास महिनेच्या महिने लागत. तोवर सरहद्द पुढे सरकलेली असे. इकडे नानांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांच्या आतच, होळकरांकडून हार खाल्लेल्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस ज्या तहावर सही केली, त्यात तैनाती फौजेच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख उलट त्यालाच द्यावा लागला.

पुढे उत्तर कानडा १८६२ साली मुंबई इलाख्यास जोडला गेला आणि १९५६ साली म्हैसूर राज्यात गेला. यांपैकी कोणत्याही बदलास तह लागला नाही. राज्याराज्यांतील सीमा बदलण्यास संसदेचा साधा कायदा पुरतो. संबंधित विधिमंडळाचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. परराष्ट्रास भूमी द्यावयाची तर मात्र घटनाच दुरुस्त करावी लागते, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली बेरुबारी प्रकरणी दिला. भूमी मिळविताना क्रम वेगळा असतो. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेले, १९६२ साली बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा संघराज्यात नोंदला गेला, आणि पोर्तुगालची मान्यता आली ती ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने, तीही मागील तारखेपासून. सोंधेकरांनी लिहून दिलेल्या फोंडे-काणकोणावरचा पोर्तुगिजांचा हक्क त्या दिवशी कागदावरूनही उतरला.