जुनापाणीची शिलावर्तुळे: आमचा इतिहास पोथीत नाही, मातीत आहे

नागपूरहून काटोल रस्त्याने निघालो की शहराबाहेर जुनापाणी लागते. तिथल्या माळरानावर सुमारे ३०० शिलावर्तुळे आहेत. मोठे धोंडे गोलाकार मांडलेले आणि आत दगडमातीचा भराव. ही लोहयुगातील माणसांची दफनस्थळे आहेत. रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ साली त्यांची माहिती प्रसिद्ध केली. १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने येथे उत्खनन केले. विदर्भातील अशा वर्तुळांतून लोखंडी कुऱ्हाडी, खंजीर, घोड्याचे लगाम, काळी-तांबडी मडकी मिळाली. नायकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली.

ज्या लोकांनी हे लोखंड गाळले, हे धोंडे वाहिले, त्यांचे नाव कोणत्याही पोथीत नाही. ज्यांच्या हातात लेखणी होती त्यांनी आपल्या राजांच्या वंशावळी लिहिल्या. राबणाऱ्याची नोंद फक्त मातीने ठेवली. म्हणून ही वर्तुळे आम्हाला मोलाची वाटतात.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांचा उल्लेख केला. मग ही थडगी नागांचीच, असे आम्ही म्हणावे काय? नाही. पुराव्याशिवाय दावा करणे ही आमची रीत नव्हे. पोथीवाल्यांची ती खोड आम्ही कशाला उचलावी? पण पुरावा तपासायचा तर तो शिल्लक राहिला पाहिजे. धोंडे बांधकामाला गेले, भरावावर जेसीबी फिरला, की प्रश्न विचारण्याची सोयही संपते.

१९५८ चा प्राचीन स्मारक कायदा आहे. २०१० च्या दुरुस्तीने राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. संविधानाचे कलम ४९ राज्यावर राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांच्या रक्षणाची जबाबदारी टाकते आणि ५१-क वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य मानते. पण ज्या दगडाला शेंदूर नाही आणि ज्याची जत्रा भरत नाही, त्याच्यासाठी आवाज कोण उठवणार?

आपणच. दीक्षाभूमीला येणाऱ्या बांधवांनी एकदा जुनापाणीलाही जावे. मुलांना ते धोंडे दाखवावेत. वर्तुळ मोडताना दिसले तर पुरातत्त्व खात्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. इतिहास घडवायचा असेल तर आधी तो पुसला जाऊ देता कामा नये.

जय भीम!