पुण्याची टीम, काउंटीच्या जागेवर

या विकांताचा विषय जरा पोरकट वाटेल, पण आहे अस्सल इंजिनियरिंगचा. गेममध्ये चाहत्यांनी बनवलेला माल आणि कंपनीचा अधिकृत माल एकत्र नांदू शकतो का?

उदाहरण घरचंच घेऊ. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर, एक्स्प्रेसवेलगत गहुंज्याचं स्टेडियम. २०१२ आणि २०१३ मध्ये हे पुणे वॉरियर्सचं घर होतं. सहाराने २०१० मध्ये ३७ कोटी डॉलर बोली लावून घेतलेली ही टीम २०१३ नंतर संपली. मग २०१६ मध्ये रायझिंग पुणेवाले आले, २०१७ ची फायनल मुंबईकडून एका धावेने हरले, आणि तेही गेले. आता या टीम घेऊन कन्सोलवर खेळायचं असेल तर?

आमच्या पिढीचा गेम म्हणजे ईएचा ‘क्रिकेट ०७’. आला नोव्हेंबर २००६ मध्ये, पीसी आणि प्लेस्टेशन २ वर. आयपीएल सुरू झालं एप्रिल २००८ मध्ये. आणि ईएने त्यानंतर कन्सोलसाठी क्रिकेटचा गेमच काढला नाही! म्हणजे अधिकृत आयपीएल या गेममध्ये येणं शक्यच नव्हतं. आणलं ते चाहत्यांनी.

पण कसं? गेममध्ये टीमच्या जागा मोजून दिलेल्या. नवी टीम घालायची तर कुणाला तरी उठवावं लागणार. मग एखाद्या इंग्लिश काउंटीच्या किंवा ऑस्ट्रेलियन राज्याच्या फायलींवर आपली नावं, आपले कपडे चढवायचे. टीम आपली, कॉमेंट्री मात्र रिची बेनॉची. दोन पॅच एकाच फाइलला हात लावणारे असतील तर शेवटी टाकलेला जिंकतो, पहिला मुकाट्याने नाहीसा होतो. पीसीवर हे निदान सोपं होतं. प्लेस्टेशन २ वर अख्ख्या डिस्कची इमेज उघडून फायली बदलायच्या, नवी डिस्क लिहायची, आणि ती चालवायला बहुतेकदा मॉडचिप बसवलेलं मशीन लागायचं. कायद्याचं तर बोलायलाच नको.

भोसरी-चाकणच्या भाषेत सांगायचं तर हा ‘ड्रॉइंगशिवाय केलेला जॉब’. नमुना समोर ठेवायचा, माप घ्यायचं, घासत बसायचं. बसला तर बसला. कंपनीच्या व्हेंडरकडे मात्र ड्रॉइंग असतं, त्यावर टॉलरन्स लिहिलेला असतो. म्हणून दोन वेगळ्या वर्कशॉपमध्ये बनलेले पार्ट एकाच गाडीत बसतात.

गेममध्ये असं ‘ड्रॉइंग’ दिलं ते मेलबर्नच्या बिग अँटने. २०१४ मध्ये प्लेस्टेशन ३ आणि एक्सबॉक्स ३६० वर त्यांचा ‘डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४’ आला. भारतीय संघाचे हक्क त्यांच्याकडे नव्हते. म्हणून त्यांनी ‘क्रिकेट अकॅडमी’ दिली: खेळाडू तुम्ही बनवा, टीम बनवा, इतरांना वाटा. इथला चेहरा म्हणजे नाका-हनुवटीच्या मापांचे आकडे, कौशल्य म्हणजेही आकडे. थोडक्यात, चाहता फक्त डेटा देतो, कोडला हात लावत नाही. मॉडचिप नको, कुणाच्या फायली पुसणं नको. त्याआधी २०१० मध्ये हार्मोनिक्सने ‘रॉक बँड नेटवर्क’ काढून गाण्यांसाठी अशीच वाट करून दिली होती.

म्हणजे बघा, कंपॅटिबिलिटी ही नशिबाची गोष्ट नाही. कुणीतरी आधी रिकामी जागा सोडतो, तिचं माप सांगतो, तेव्हा ती जन्माला येते.

पण फुकट काहीच नसतं. चोरवाटेने लिहिलेली ती डिस्क ज्याच्या कपाटात आहे त्याची आहे. अकॅडमीतली टीम मात्र कंपनीच्या सर्व्हरवरून उतरते, आणि सर्व्हर किती दिवस ठेवायचा हे ठरवणारे आपण नव्हे.

आणि इथेच खरी गोम आहे. २०२३ च्या ‘क्रिकेट २४’मध्ये आयपीएलच्या काही टीम अधिकृतपणे आल्या. पण हक्क विकत घेतले जातात ते आज जिवंत असलेल्या टीमचे. बंद पडलेल्या टीमसाठी कोण पैसे मोजणार? २३ एप्रिल २०१३ ला ख्रिस गेलने नाबाद १७५ धावा कुटल्या, त्या पुण्याच्याच बॉलिंगवर. तो दिवस कुणाला उलटा करून दाखवायचा असेल, तर आपल्यातल्याच कुणीतरी ती टीम बनवायला हवी.

असो. तुमच्यापैकी कुणी बनवली असेल, तर सर्व्हरच्या भरवशावर राहू नका. सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.