गोंयच्या सायबाची यात्रा

श्रोतेहो, १६८३ सालच्या नोव्हेंबर महिन्यातली गोष्ट आहे. फोंड्याच्या किल्ल्यापुढे मार खाऊन पोर्तुगीज मागे फिरले, आणि त्यांच्या पाठोपाठ संभाजी महाराजांच्या फौजेने एका रात्री, ओहोटी साधून, जुवे बेट घेतले. तेथून गोवे शहर, आज ज्यास आपण जुने गोवे म्हणतो ते, अगदी जवळ. बेट परत घेण्यास विजरई कोंद द आल्व्होर जातीने गेला, तो जखमी होऊन जीव वाचवून परतला. शहर राखण्यास माणूसबळ अपुरे. अशा वेळी विजरईने काय करावे? तो बॉम जेझूच्या चर्चमध्ये गेला, सेंट फ्रान्सिस झेवियरची शवपेटी त्याने उघडवली, आणि आपला अधिकारदंड त्या मृत संताच्या हाती देऊन शहराचे रक्षण त्याजवर सोपवले.

शहर वाचले. कोणामुळे? मराठ्यांनी जुवे सोडले हे खरे, परंतु त्यानंतरही साष्टी आणि बारदेश या महालांत त्यांची धामधूम चालूच होती. ते खऱ्या अर्थाने मागे फिरले ते औरंगजेबाचा पुत्र शहाआलम मोठी फौज घेऊन कोकणात उतरू लागला तेव्हा. शहर वाचले ते मोगलांच्या चालीने, हे आमचे मत. पण पोर्तुगीजांनी श्रेय संतास दिले, आणि पुढे नव्या विजरईने अधिकारदंड या समाधीपाशी घ्यावयाचा अशी वहिवाट पडली. मुलुखाचा खरा धनी तो, विजरई केवळ त्याचा कारभारी, असा याचा अर्थ. गोव्यातला माणूस आजही या संतास 'गोंयचो सायब' म्हणतो. त्या नावात आमच्याच एका स्वारीची आठवण मुरलेली आहे, हे महाराष्ट्रात फारसे कोणास ठाऊक नसते.

गंमत अशी की हा सायब गोव्यात राहिला किती? नावारे प्रांतात १५०६ साली जन्मलेला हा जेज्विट १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास उतरला, आणि लवकरच दक्षिणेच्या किनाऱ्यावरील कोळ्यांमध्ये गेला. तेथून मलाक्का, मोलुक्का बेटे, जपान. ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या दाराशी, सांशियान नावाच्या बेटावर तो वारला. मांस लवकर झडावे आणि हाडे नेता यावीत म्हणून सोबत्यांनी पेटीत चुना भरला. दोन-अडीच महिन्यांनी पेटी उघडली, तो देह जसाच्या तसा असल्याचे त्यांनी लिहून ठेवले. तो मलाक्कास नेऊन पुन्हा पुरला, पुन्हा उकरला, आणि १५५४ च्या मार्चमध्ये गोव्यास आणला. दर्शनास लोटलेल्या गर्दीतल्या एका बाईने पायाचे बोट दातांनी तोडून घेतल्याची कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, भक्तीची भूक कशी असते ते तीतून कळते. १६१४ साली तर रोमच्या हुकुमानेच उजवा हात कापण्यात आला. असंख्यांस बाप्तिस्मा देणारा तो हात! त्याचा पुढचा भाग आजही रोममध्ये आहे.

येथे कोणी श्रोता उठून विचारील, आणि त्याने विचारावेच, की ज्या माणसाने १५४६ साली पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागितले, त्याची थोरवी आम्ही का ऐकावी? प्रश्न रास्त आहे. पत्र खरे आहे. इन्क्विझिशन त्याच्या मृत्यूनंतर, १५६० साली आले आणि १८१२ पर्यंत राहिले. आज फोंडा महालात मंगेशीचे किंवा शांतादुर्गेचे दर्शन घेताना आपण हे विसरू नये की ते देव साष्टीतून रातोरात पळवून आणलेले आहेत. हे सारे ध्यानात ठेवूनच आम्ही यात्रेकडे वळतो. कारण यात्रा एका माणसाची असली तरी तीत चालणारे लाखो लोक निराळे असतात, आणि त्यांचाही इतिहास असतो.

आज आपण ज्यास शवप्रदर्शन म्हणतो, त्याची सुरुवात भक्तीपेक्षा शंकेतून झाली. पूर्वी संताच्या स्मृतिदिनी देह लोकांस दाखवीत. हाताळून त्यास इजा होऊ लागली, तेव्हा अठराव्या शतकाच्या आरंभी ते बंद झाले. पुढे १७५९ साली पोर्तुगालच्या सरकारने जेज्विटांस हाकलून दिले. लगेच कुजबूज उठली: जाताना पाद्र्यांनी देह पळवला, पेटीत आहे तो दुसराच कोणी! ही कुजबूज वीस-बावीस वर्षे थांबेना. अखेर १७८२ च्या फेब्रुवारीत पेटी उघडून तीन दिवस देह सर्वांपुढे ठेवावा लागला. कोर्टात मुद्देमाल हजर करावा तसाच तो प्रकार होता. लोक आले, त्यांनी पाहिले, आणि शंका मिटली.

पुढचे प्रदर्शन १८५९ साली झाले. तोवर गोवे शहर मेले होते. रोगराईने वस्ती उठली, राजधानी पणजीस गेली, १८३५ च्या सुमारास मठही मोडले. रानात उभी राहिलेली काही चर्चे, आणि त्यांत गोव्यातल्याच सोनारांनी १६३६-३७ साली घडवलेल्या चांदीच्या पेटीतला हा देह. त्यासाठी लोक येत राहिले. होड्यांतून, बैलगाड्यांतून, पायी. १९०० नंतर साधारण दहा-दहा वर्षांनी प्रदर्शन भरू लागले. १९५२ पर्यंत भाविकांस पावलांचे चुंबन घेता येई. त्यानंतर देह काचेआड गेला.

मग १९६१ चा डिसेंबर आला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. १९६४ सालच्या प्रदर्शनास अधिकारदंड मागणारा विजरई कोणी नव्हता. पण गर्दी होती, आणि तीत नवस फेडावयास आलेले हिंदूही होते, जसे ते दर ३ डिसेंबरच्या फेस्तास असतात. सावंतवाडीकडून, बेळगावकडून, कारवारकडून माणसे या फेस्तास चालत येतात. पंढरीच्या वाटेवर ज्यांनी पाय झिजवले आहेत त्यांस या चालण्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

अलीकडचे प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ पासून ५ जानेवारी २०२५ पर्यंत झाले. देह बॉम जेझूमधून समोरच्या से कॅथेड्रलमध्ये नेला होता. मधले अंतर एका रस्त्याचे. शेवटच्या दिवशी मिरवणुकीने तो रस्ता ओलांडून पुन्हा आपल्या जागी ठेवण्यात आला.