चित्र दुकानातले आणि चित्र घरातले

दूरदर्शनविषयी मराठीत जे लिहिले गेले, ते बहुतांशी कार्यक्रमांविषयी आणि ते करणाऱ्या माणसांविषयी. 'गजरा', 'चिमणराव-गुंड्याभाऊ', 'आमची माती आमची माणसं' यांच्या आठवणी आपल्याकडे भरपूर आहेत. ज्या पेटीत हे सगळे दिसले, ती पेटी घरात कशी आली, दोन पेट्यांपैकी हीच का आली, याकडे फारसे कोणी पाहिलेले नाही. खरे तर मध्यमवर्गीय घराने तोवर घेतलेल्या वस्तूंपैकी ही एक महागडी वस्तू. सोने घेताना कस लावता येतो, साडी उजेडात धरता येते, धान्य दाताखाली फोडून पाहता येते. दूरचित्रवाणी संच पारखायचा कसा? या प्रश्नाची उत्तरे गेल्या पन्नासेक वर्षांत बदलत गेली, आणि माझ्या मते ती सुधारत गेली असे म्हणता येत नाही.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. दिल्लीत १५ सप्टेंबर १९५९ पासून प्रयोग चालू होते, पण मराठी घराचा या वस्तूशी संबंध आला तो वरळीहून लहरी निघू लागल्यावर. पुढच्याच वर्षी सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभे राहिले आणि पुण्याच्या गच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या नळ्या दिसू लागल्या. आता त्या काळच्या दुकानाची कल्पना करा. प्रक्षेपण संध्याकाळचे काही तास. दुकाने उघडी प्रामुख्याने दिवसा. म्हणजे गिऱ्हाईक दुकानात शिरे तेव्हा समोर मांडलेले सगळे संच काळेभोर! फार तर मालक बटण दाबून पडद्यावरच्या मुंग्या दाखवी. दोन संचांतल्या मुंग्यांची तुलना करून कोणी काय ठरवणार?

संध्याकाळी जाऊन पाहिले तरी फार उपयोग नव्हता, आणि याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या वेळचे चित्र संचात तयार होई, पण त्याचा कच्चा माल हवेतून येई, आणि हवा प्रत्येक घराची वेगळी. मुंबईत उंच इमारतींवर आपटून परतलेली लहर मूळ लहरीपेक्षा किंचित उशिरा पोहोचते. मग पडद्यावर निवेदिकेच्या शेजारी तिची फिकट सावली उभी राही. लोक त्याला भूत म्हणत. पुण्यात सिंहगड ज्या घराच्या थेट नजरेत, तिथे चित्र स्वच्छ. टेकडीच्या आड किंवा खोलगट भागात राहणाऱ्याच्या नशिबी मुंग्या. अँटेना कोणत्या दिशेला, किती उंच, तिच्यापासून संचापर्यंत येणारी चपटी दुहेरी वायर भिंतीला कुठे घासते, पावसाने सांधे गंजले का, तिच्यावर कावळा बसला का, या सगळ्यांवर चित्र अवलंबून. भर वीजदाबाची: संध्याकाळी दिवे लागले की दाब उतरे आणि चित्र चारी बाजूंनी आक्रसे. दुकानात उत्तम दिसलेला संच घरी वाईट दिसे, आणि त्यात दुकानदाराची लबाडी असेलच असे नव्हते.

म्हणून लोकांनी तुलना दुकानात केलीच नाही. ती शेजाऱ्याकडे केली. आपल्याच चाळीत, आपल्याच गल्लीत ज्याच्याकडे संच आला आहे त्याच्याकडे शनिवारचा मराठी चित्रपट पाहायला जायचे, आणि पाहता पाहता संचही पाहायचा. तिथली हवा आपलीच, वीजदाब आपलाच. एकाच वाड्यात दोन कंपन्यांचे संच असले तर अधिकच चांगले. आजच्या भाषेत याला नियंत्रित चाचणी म्हणावे लागेल. शिवाय शेजारी वर्षभराचा अनुभव सांगे: कितीदा बिघडला, मेकॅनिक बोलावल्यावर किती दिवसांनी आला, त्याने किती घेतले. दुकानात न मिळणारी ही माहिती चहाबरोबर मिळे.

संचांमध्ये खरा फरक होता का? होता, पण जाहिरातींत दिसे तिथे नव्हे. राजस्थानात पिलानीच्या केंद्रीय इलेक्ट्रॉनिकी संशोधन संस्थेने विकसित केलेले तंत्र अनेक उत्पादकांना मिळाले होते आणि काळ्या-पांढऱ्या पिक्चर ट्यूबचा मोठा पुरवठा बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडून होई. टेलिव्हिस्टा, क्राउन, वेस्टन, डायनोरा, सॉलिडेअर अशी नावे वेगवेगळी, पण आत बरेचसे नातेवाईकच. मग बाहेरून फरक करायचा तो लाकडी पेटीचा. सरकते शटर, त्याला कुलूप, खाली चार तिरके पाय, वर विणलेला रुमाल पसरायला सपाट जागा. घरातल्या बायकांनी शटर पाहून संच निवडला, अशी थट्टा त्या काळच्या गप्पांत ऐकू येते. मला ती थट्टा अन्यायाची वाटते. आतले सामान सारखेच असेल तर पेटीची तुलना करणे यात मूर्खपणा कुठे आहे? मुलांच्या परीक्षेच्या दिवसांत कुलूप लागणारे शटर हा तर ध्वनीच्या गुणवत्तेपेक्षा कितीतरी महत्त्वाचा मुद्दा.

एक फरक मात्र आतला आणि मोठा होता: व्हॉल्व्ह की ट्रान्झिस्टर. व्हॉल्व्हचा संच लावल्यावर आधी आवाज येई, चित्र सावकाश उमलत येई. तो तापे, वीज जास्त खाई आणि त्याचे व्हॉल्व्ह काही काळाने मंदावत. अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने संपूर्ण ट्रान्झिस्टरचा 'ईसी टीव्ही' आणला, तेव्हा निवड करणाऱ्यांपुढे पहिल्यांदा खरा तांत्रिक प्रश्न उभा राहिला. नवे तंत्र चांगले, हे सगळ्यांना मान्य होते. पण बिघडल्यावर काय? व्हॉल्व्ह गेला तर रेडिओवाला ओळखीचा. तो उपसून नवा बसवी. ट्रान्झिस्टरच्या पाटीवरचा दोष शोधणारा माणूस तालुक्याच्या गावी असेलच असे नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडजवळ किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीजवळ राहणाऱ्याने जे घ्यावे, तेच सिन्नरला किंवा वाईला राहणाऱ्याने घ्यावे असे नव्हते. त्या पिढीने हे नीट ओळखले होते. संच म्हणजे पेटी अधिक मेकॅनिक, हा हिशेब त्यांच्या डोक्यात पक्का होता.

१५ ऑगस्ट १९८२ रोजी राष्ट्रीय प्रसारणात रंग आला आणि त्याच नोव्हेंबरात दिल्लीचे आशियाई खेळ रंगीत दिसले. विदर्भातून निवडून गेलेले वसंत साठे तेव्हाच्या घडामोडीत माहिती व नभोवाणी मंत्री म्हणून रंगीत प्रसारणाचे खंदे पुरस्कर्ते होते. गरीब देशाला ही चैन परवडते का, यावर त्यांच्यावर टीकाही झाली. देशाच्या पातळीवर झडलेला हा वाद घराघरांत पुन्हा झडला, कारण रंगीत संच काळ्या-पांढऱ्याच्या कित्येक पट महाग होता. इथे एक तांत्रिक बाब कामाची ठरली. भारताने स्वीकारलेल्या 'पाल' पद्धतीत उजेड-अंधाराचे चित्र पूर्वीसारखेच जाते आणि रंगाची माहिती वेगळ्या उपवाहकावर स्वार होऊन जाते. जुन्या संचाला ती लागत नाही. तो आपले काळे-पांढरे चित्र दाखवत राहतो. म्हणजे रंग न घेणाऱ्याचे काहीच बंद पडणार नव्हते. थांबण्याची मुभा होती आणि असंख्य घरांनी ती घेतली. काहींनी पडद्यावर रंगीत प्लास्टिकचा कागद लावला, वर निळा, मधे तांबूस, खाली हिरवा. निसर्गदृश्य आले की झकास. चेहरा जवळून दाखवला की कपाळ निळे आणि हनुवटी हिरवी.

परदेशातून संच आणणाऱ्यांची गोष्ट याच काळातली. कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातल्या, खाडीकाठच्या गावांतून आखातात गेलेल्यांनी दुबईहून आणलेला संच इथे सहसा चाले, कारण तिथली पद्धत आपल्यासारखीच. अमेरिकेहून आणलेला चाले ना: तिथे ५२५ रेषा आणि एनटीएससी, इथे ६२५ रेषा आणि पाल. फसगत व्हायची ती इंग्लंडच्या संचाची. पद्धतीचे नाव 'पाल'च, पण तिथे चित्र आणि ध्वनी यांच्या वाहकांतले अंतर वेगळे, शिवाय तिथले प्रसारण वेगळ्याच पट्ट्यात. नाव एक, गोत्र एक, तरी पत्रिका जुळत नाही. या आणलेल्या संचांमुळे 'सिस्टीम' हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला.

मात्र त्या वर्षांतला सर्वांत मोठा बदल दुकानात झाला, आणि तो रंगाचा नव्हता. दुकानात व्हीसीआर आला. आता भर दुपारी चित्र दाखवता येऊ लागले. कॅसेटवरच्या चित्रात बारकावे प्रक्षेपणापेक्षा कमीच असतात, पण त्याला भूत नाही, मुंग्या नाहीत, कावळा नाही. ओळीने मांडलेल्या संचांवर तेच गाणे, तेच रंग. गिऱ्हाईक प्रथमच दोन संच शेजारी शेजारी पाहू शकले आणि त्यांना वाटले, आता खरी तुलना झाली. प्रत्यक्षात तुलनेतून घर गळून पडले होते. दुकानदाराने रंगाचे बटण थोडे चढवून ठेवले की लाल साडी पेट घेतल्यासारखी दिसे, आणि शेजारचा, प्रामाणिक रंगांचा संच फिका वाटे. याच दशकात ओनिडाच्या जाहिरातीत शिंगे-शेपटीवाला सैतान अवतरला. शेजाऱ्याच्या हेव्यावर ती बेतलेली होती. दशकापूर्वी शेजारी हा सल्लागार होता. आता तो जळवायचा माणूस झाला. जाहिरात म्हणून ती अफलातूनच, पण संच निवडण्याच्या इतिहासात मला ती एका चांगल्या पद्धतीची मृत्यूची नोंद वाटते.

खेड्यांत तुलना वेगळ्या निकषांवर टिकून राहिली. १९८४ नंतर लघुशक्ती प्रक्षेपण केंद्रे भराभर उभी राहिली, आणि जानेवारी १९८७ मध्ये 'रामायण' सुरू झाले तेव्हा प्रश्न असा होता की रविवारी सकाळी वीज असेल का. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा काळा-पांढरा संच ट्रॅक्टरची बॅटरी जोडून लावता येई. मोठा रंगीत संच अशा वेळी शोभेचे कपाट. तिथे छोटा संच निवडणारा गरिबीमुळे निवडत होता असेच नाही. त्याला आपल्या विजेची ओळख होती.

पुढचा टप्पा लवकर आटोपतो, कारण त्यात घराचा आवाज फारसा ऐकू येत नाही. केबल आली, अँटेना उतरली, हवेतला फरक मिटला. नव्या शतकात सपाट पडदे आले आणि प्लाझ्मा की एलसीडी हा वाद सुरू झाला. प्लाझ्मात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, म्हणून काळा रंग खरोखर काळा दिसतो. रात्री दिवा मंद करून चित्रपट पाहणाऱ्या घरासाठी तो उत्तम. एलसीडीच्या मागे सतत दिवा असतो, त्यामुळे अंधारात काळ्याचा करडा होतो. पण मॉलमधल्या लखलखाटात हा फरक दिसतच नाही; तिथे दिसते फक्त कोण जास्त झगझगीत, आणि त्या परीक्षेत प्लाझ्मा मंद ठरला. पॅनासोनिकने २०१३ मध्ये प्लाझ्माचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय घेतला. खर्च, वजन, विजेचा वापर, मोठ्या पडद्यांची स्पर्धा ही कारणे होतीच. पण दुकानातल्या दिव्यांचाही त्यात वाटा होता, असे मला ठामपणे वाटते.

याच सुमारास अनेक घरांत एक तक्रार ऐकू येई: नवा महागडा संच आणला आणि बातम्या जुन्यापेक्षा वाईट दिसतात. दोष संचाचा नव्हता. दुकानात हाय-डेफिनिशनची चकती चालू होती; घरी साध्या केबलचे ५७६ रेषांचे चित्र १०८० रेषांच्या मोठ्या पडद्यावर ताणले जात होते. जुनी नळी हे दोष पोटात घाली, नवा पडदा ते उघडे पाडी. १९७४ साली शेजाऱ्याकडे बसून संच पारखणाऱ्याने विचारलेला पहिला प्रश्न, आमच्या घरात येणारे चित्र यावर कसे दिसेल, तो विचारायचे आता कोणाला सुचत नव्हते.

आज ओएलईडी की क्यूएलईडी असा वाद आहे. तो बऱ्याच अंशी प्लाझ्मा-एलसीडीचाच पुनर्जन्म. अनेक नवे संच पहिल्यांदा सुरू करताना पडद्यावर एक प्रश्न येतो: हा संच घरात आहे की दुकानात? दुकान निवडले तर उजेड आणि रंग पूर्ण चढतात, घर निवडले तर उतरतात. बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, त्याला अजून चार ठिकाणी जायचे असते. तो प्रश्न वाचून उत्तर देईपर्यंत घरातली माणसे जुन्या संचाचे काय करायचे, कामवाल्या मावशींना द्यायचा की गावी पाठवायचा, यावर बोलत असतात.