कास्त्री गावाच्या पोटातले डेल्फी



समजा, उद्या सकाळी सरकारी मोजणीदार तुमच्या वेशीत आला आणि म्हणाला, "पाटील, तुमच्या घरांखाली दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचे देऊळ गाडलेले आहे. ते उकरायचे आहे. गाव उठवा." तर चावडीवर पहिला प्रश्न देवळाचा निघणार नाही. घराचे पैसे कोण देणार आणि केव्हा देणार, हाच निघेल. ग्रीस देशात पार्नासस डोंगराच्या उतारावर हे खरोखर घडले. त्या गावाचे नाव कास्त्री. त्याच्या घरांखाली, गोठ्यांखाली आणि परसांखाली निजले होते ते डेल्फी. कौल मागायला राजेमहाराजे जिथे रांगा लावीत, ते अपोलो देवाचे क्षेत्र.

शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गात नकाशा असेल तर तो जरूर उघडा. कॉरिंथच्या आखाताच्या उत्तरेला बोट ठेवा. अथेन्सहून मोटारीच्या रस्त्याने हे ठिकाण सुमारे १८० किलोमीटर पडते. मी आपल्या एस.टी.सारख्याच एका गाडीने गेलो. शेवटच्या टप्प्यात गाडी डोंगर चढू लागते, आणि डेल्फीच्या दहाएक किलोमीटर अलीकडे आराखोवा नावाचे गाव लागते. दगडी घरे एकावर एक रचल्यासारखी, गल्ल्या म्हणजे निम्म्या पायऱ्याच. गालिचे आणि चीज यांसाठी हे गाव नावाजलेले आहे. १८२६ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्ययुद्धातला सेनानी काराइस्काकिस याने तुर्की सुलतानाची फौज इथेच बर्फात कोंडून मोडली. सेंट जॉर्ज हा गावाचा संत. त्याच्या जत्रेत म्हातारे लोक पारंपरिक पोषाख घालून डोंगर चढण्याची शर्यत लावतात. हल्ली हिवाळ्यात अथेन्सचे शहरी लोक बर्फावर घसरायला येतात, त्यामुळे खानावळींचे दर मात्र आपल्यासारख्याला चटका लावणारे आहेत.

आता कास्त्रीकडे वळू. चौथ्या शतकाच्या अखेरीस रोमन सम्राट थिओडोसिअस याने जुन्या देवांची पूजा बंद केली. पुढे कधीतरी देवळावर दरडी आल्या, माती आली आणि त्या मातीवर माणसे आली. आयते घडलेले चिरे पायाखाली असताना कोण खाणीत जाईल? भिंतीत कोरीव दगड, उंबऱ्याला शिलालेख, असे कास्त्री वाढले. १८७० साली भूकंपाने गाव हादरले. गाव हलवावे ही चर्चा त्यानंतर जोर धरू लागली.

खोदाईची परवानगी फ्रेंचांना हवी होती, अमेरिकन विद्वानांचाही डोळा होता. पण सौदा अडला कशावर ठाऊक आहे? बेदाण्यांवर! हसू नका. तुमच्यापैकी जे नाशिक-सांगलीकडचे द्राक्षबागाईतदार असतील, त्यांना हे चटकन कळेल. फ्रान्समधल्या द्राक्षबागा फिलॉक्सेरा नावाच्या मुळे खाणाऱ्या किडीने उजाड झाल्या होत्या, म्हणून फ्रेंच लोक ग्रीसचे काळे बारीक बेदाणे आणून त्यांची दारू करीत. ग्रीक सरकारने म्हटले, बेदाण्यांवरची जकात उतरवा, मग डेल्फी उकरा. घासाघिसीत काही वर्षे गेली. अखेर १८९१ साली करार झाला आणि फ्रेंच संसदेने पाच लाख फ्रँक मंजूर केले. फ्रेंच बागा सावरल्यावर बेदाण्यांचा भाव कोसळला, आणि १८९३ साली ग्रीक सरकारने दिवाळे जाहीर केले. पण तोवर डेल्फीत कुदळ पडली होती.

ती पडली १८९२ च्या पावसाळ्यानंतर, म्हणजे आपल्या. तिकडे पावसाळा हिवाळ्यात असतो. घराचा मोबदला हाती पडलेला नसताना अंगणात कुदळ आलेली पाहून गावकरी चालून आले. मजुरांच्या हातची हत्यारे त्यांनी काढून घेतली आणि काम बंद पाडले. सैनिक आणावे लागले, त्यांच्या पहाऱ्यात काम चालू झाले. तेओफिल ओमोल हे खोदाईचे मुख्य. ते मोठे विद्वान होते यात शंका नाही, पण त्या गावकऱ्यांना आडमुठे ठरवणारे वर्णन वाचले की मला ते पटत नाही. आधी पैसे आणि मग घर, हा व्यवहार चूक कसा? हळूहळू कास्त्री पश्चिमेला सुमारे एक किलोमीटरवर जाऊन वसले आणि त्याचेच नाव डेल्फी पडले. जुन्या घरांची माती छोट्या रुळांवरच्या वाघिणींतून दरीत ओतली गेली.

त्या मातीखाली काय निघाले! देवळाचे जोते, त्याच्या वर सुमारे पाच हजार माणसे मावतील असे नाट्यगृह, आणखी वर धावण्याचे मैदान. १८९३ साली अथेन्सकरांनी बांधलेल्या कोठारघराचे चिरे सापडले. त्यांवर अपोलोची स्तोत्रे कोरलेली होती, आणि शब्दांच्या वर स्वरांच्या खुणा! इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले गाणे, तेही स्वरलिपीसह. दुसऱ्याच वर्षी ते पॅरिसमध्ये गाऊन दाखवले गेले. आपण रेडिओवाले, आपल्याला याचे अप्रूप जास्त वाटणार.

१८९६ साली ब्राँझचा सारथी निघाला. उंची १ मीटर ८० सेंटिमीटर. आज तो तिथल्या संग्रहालयात उभा आहे. उजव्या हातात लगामाचे तुकडे शिल्लक आहेत, डोळे जडवलेले आहेत, पापण्यांचे केससुद्धा धातूचे. रथाच्या कठड्याआड त्याची जी पावले कोणाला दिसायचीच नव्हती, त्यांची बोटे आणि शिरा कारागिराने तितक्याच निगुतीने घडवल्या आहेत. ब्राँझच्या बाकीच्या बहुतेक मूर्ती लोकांनी वितळवून टाकल्या. हा वाचला, कारण इसवी सनापूर्वी ३७३ च्या सुमारास दरड कोसळून तो गाडला गेला.

कौलाची कथा पुस्तकांतून आली आहे, तेव्हा थोडक्यात सांगतो. देवाचे बोलणे पिथिया नावाची स्त्री सांगे. प्लुटार्क हा लेखक डेल्फीत स्वतः पुजारी होता. तो लिहितो की त्याच्या काळची पिथिया गरीब शेतकऱ्याच्या घरी वाढलेली होती. म्हणजे राजांच्या स्वाऱ्या आणि वसाहतींचे बेत एका शेतकऱ्याच्या लेकीच्या तोंडच्या शब्दांवर तोलले जात. लिडियाच्या क्रीसस राजाने इराणवर चढाई करू का म्हणून विचारले. एक मोठे राज्य बुडेल, असा कौल आला. राजा खूश होऊन निघाला, आणि बुडाले ते त्याचेच राज्य.

पण मला राजांपेक्षा जास्त वेळ थांबवले ते एका भिंतीने. देवळाच्या जोत्याखाली एक लांब आधारभिंत आहे. तिचे चिरे चौकोनी नाहीत, वेड्यावाकड्या कडांचे आहेत, पण एकमेकांत असे बसवले आहेत की सुरीचे पाते शिरणार नाही. त्या चिऱ्यांवर बारीक अक्षरांत शेकडो लेख आहेत. हे राजांचे विजय नव्हेत, ही गुलामांच्या सुटकेची कागदपत्रे आहेत. इसवी सनापूर्वी २०० च्या सुमारास ही रीत तिथे जोरात सुरू झाली.

युक्ती अशी. गुलामाला स्वतः करार करता येत नसे. मग त्याने जमवलेले पैसे देवाच्या नावाने मालकाला द्यायचे आणि देवाने त्याला विकत घ्यायचे. देव काही भांडी घासायला लावीत नाही, की शेतावर राबवीत नाही. म्हणजे माणूस मोकळा. पुष्कळ लेखांत किंमत तीन-चारशे द्राख्मांच्या घरात आहे. खाली जामीनदार आणि साक्षीदार यांची नावे. पुन्हा कोणी त्याला धरू लागला तर भिंतीकडे बोट दाखवायचे, म्हणून हे दगडात कोरायचे. आपला सातबारा तलाठ्याच्या दप्तरात असतो, यांचा देवाच्या भिंतीवर. पण मेख पुढेच आहे. पुष्कळ लेखांत एक अट असते: मालक जिवंत असेतो सुटलेल्याने त्याच्याजवळच राहून सांगेल ते काम करावे. पैसे दिले, देवाने घेतले, साक्षी झाल्या, आणि सकाळी उठून पुन्हा त्याच घरचे पाणी भरायचे! या नावांत पुरुषांपेक्षा बायका अधिक आहेत.

उभे राहिल्यावर मला आपल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण झाली. तिथल्या खांबांवर धेनुकाकट गावच्या 'यवन' दात्यांची नावे कोरलेली आहेत. ते सारे ग्रीकच होते असे विद्वान छातीठोकपणे म्हणत नाहीत, पण यवन हा शब्द मुळात ग्रीकांचाच. आपण काय दिले ते दगडावर नावानिशी राहावे, ही हौस त्यांना आपल्या घाटात होतीच.

तुम्ही कधी गेलात तर ही भिंत भर दुपारी पाहू नका. ऊन समोरून पडले की तिथे कोरा दगड दिसतो. ऊन तिरपे झाले की कडा उठतात आणि ओळीच्या ओळी वर येतात. मी नावे लावायला लागलो होतो, दोन लागलीही. एवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी झाली. दरवाजे बंद व्हायची वेळ. खाली दरीत जैतुनाच्या बागा समुद्रापर्यंत पसरल्या होत्या, आणि तिकडे वळणापलीकडे, उठवून बसवलेल्या त्या गावात, दिवे लागत होते.