पर्शियन मांजर दत्तक घेताय? आधी हे विचारून घ्या

मुंबई-पुण्यात मांजरं दत्तक देणाऱ्यांच्या पोस्टमध्ये अधूनमधून एखादं पांढरंशुभ्र पर्शियन दिसतं. ‘मोफत’ म्हटलं की कमेंट्सची रांग लागते. पैसे मोजून आणलेलं मांजर आधीच्या घराने का सोडलं, हे मात्र फार थोडे जण विचारतात.

बऱ्याचदा उत्तर केसांत सापडतं. पर्शियनच्या लांब केसांखाली मऊ, दाट केसांचा आणखी एक थर असतो. रोज विंचरलं नाही तर काखेत, पोटावर, कानांमागे गुंता होतो. मग कातडी ओढली जाते, दुखतं आणि मांजर हात लावू देत नाही. अशा वेळी लोक त्याला ‘चिडकं’ ठरवून मोकळे होतात! या गुंत्यावर घरी कात्री चालवू नका. मांजराची पातळ कातडी गुंत्याबरोबर वर उचलली जाते आणि तीच कापली जाते. अंघोळही नको, कारण पाण्याने गुंता आणखी आवळतो. व्हेटकडे मशीनने केस काढून घ्या. काही महिन्यांत ते परत येतात.

चपट्या चेहऱ्यामुळे डोळ्यांतून पाणी वाहतं, ते रोज पुसावं लागतं. उन्हाळाही या मांजरांना जड जातो.

खरा प्रश्न किडनीचा. या जातीत ‘पॉलिसिस्टिक किडनी डिसीज’ हा आनुवंशिक आजार आढळतो. आई किंवा बाप, एकाकडून सदोष जनुक आलं तरी पुरेसं असतं. किडनीत पाण्याच्या गाठी जन्मापासून असतात, पण त्या हळूहळू वाढतात आणि त्रास बहुधा मध्यमवयात दिसतो. सोडून दिलेल्या मांजराचे आईबाप सहसा माहीत नसतात, म्हणून सोनोग्राफी किंवा डीएनए चाचणी झाली आहे का, ते विचारा. आजार निघाला म्हणून नाही म्हणायलाच हवं असं नाही. अशी कित्येक मांजरं वर्षानुवर्षं बरी जगतात. फक्त पुढचा खर्च आधी कळलेला बरा.

लसीकरण आणि नसबंदीचे कागद मागून घ्या. नव्या घरात मांजर पलंगाखाली लपेल, ते चालतं. पण दिवसभर काहीच खाल्लं नाही तर व्हेटला फोन करा. काही दिवसांच्या उपासाने यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.

आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर खिडक्यांना जाळी मांजर येण्याआधीच बसवा.